वेस की भगदाड

तटबंदी बघून भारावून जाणाऱ्यांतला मी नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका वेशीच्या गावचा. गावाला दगडी वेस होती आणि आमची वस्ती वेशीबाहेर. का, ते मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. माझे वडील शिकलेले, कचेरीत नोकरीला, तरी वेशीतून आत शिरताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. मी इंजिनियर झालो, ओमानला आलो, मस्कतच्या रुवी भागात एका खोलीत चौघांबरोबर राहिलो, मग लग्न होऊन अल अमेरातला भाड्याच्या घरात संसार मांडला. आणि पन्नाशीला आल्यावर कंपनीने काम दिलं ते काय, तर एका डोंगरी गावाचा जुना तट दुरुस्त करण्याचं. बायको म्हणाली, "भिंती पाडायच्या सोडून बांधत बसा आता." आमच्या घरात असं तिरकंच बोलतात.

गावाचं नाव लिहीत नाही. मस्कतहून गाडीने दोन-अडीच तास, त्यातला शेवटचा भाग घाटाचा. घाट संपला की उजवीकडे खडकाच्या उतारावर मातीच्या रंगाची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली दिसतात आणि त्यांच्याभोवती तट. खाली वादी, म्हणजे कोरडी नदी. एरवी तिच्यात गोटे आणि काटेरी झाडं, पण डोंगरमाथ्यावर पाऊस झाला की तीच वादी बघता बघता दुथडी भरते आणि ट्रकसुद्धा उचलून नेते. वादीच्या काठाने खजुराच्या बागा, आणि बागांना पाणी डोंगराच्या पोटातून आणलेल्या पाटाचं. त्या पाटाला तिथे फलज म्हणतात.

गाव कसं वाढलं हे दगड-मातीत वाचता येतं. तो माझा धंदाच आहे. आधी पाणी सापडलं. मग बागा आल्या. भिजणारी माती घरांखाली वाया घालवायची नाही म्हणून घरं वर खडकावर बांधली. मग शेजारच्या टोळ्यांच्या धाडी पडायला लागल्या म्हणून घरांभोवती तट आला, कोपऱ्यांवर बुरूज आले. दरवाजा एकच ठेवला, खालच्या अंगाला, वादीकडे तोंड केलेला, कारण बागा तिकडे आणि जुनी वाटही तिकडूनच. तट झाल्यावर गावाला आडवं वाढायला जागा उरली नाही, तेव्हा ते उभं वाढलं. मुलाचं लग्न ठरलं की घरावर एक मजला चढायचा. खालचा मजला आजोबाच्या काळातला जाड दगडांचा, मधला बापाच्या काळातला, वरचा मातीच्या विटांचा, खजुराच्या ओंडक्यांवर पेललेला. पिढ्या मोजायच्या असतील तर मजले मोजावेत.

मी गेलो तेव्हा आत कुणीच राहत नव्हतं. शेळ्या, बंद दरवाजे, आणि कुठे कुठे बागेत राबणाऱ्या बांगलादेशी मजुरांचे वाळत घातलेले कपडे. माणसं तटाबाहेर नव्या गावात गेली होती. तिथे सिमेंटची घरं, औषधांचं दुकान, केरळवाल्याचं चहाचं हॉटेल, कंदुरे, म्हणजे पुरुषांचे लांब झगे, शिवणारा शिंपी, शाळा, दवाखाना, सगळं आहे. हे बहुतेक जुन्या गावांचं झालं आहे, त्यात नवल नाही. मला कोडं पडलं ते वेगळंच. हे नवं गाव वरच्या अंगाला वाढलं होतं. तिकडे निव्वळ कातळ. पाया खणायचा तर यंत्राने फोडावं लागतं, पाणी वर चढवावं लागतं. उलट वादीच्या पलीकडे सपाट, मऊ जमीन मैलभर मोकळी पडलेली. कुठलाही शहाणा माणूस घर तिकडे बांधेल. पण अख्खं गाव हट्टाने कातळावर चढलं होतं.

याचं उत्तर तटातच होतं, फक्त ते मला आधी वाचता आलं नाही. वरच्या अंगाला तटाला एक मोठं भगदाड होतं. एक पिकअप आरामात आत जाईल एवढं. कडा अंगाखांद्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या, जमिनीवर चाकांच्या चाकोऱ्या. वापरता वापरता रुंद होत गेलेल्या या भगदाडातून गॅसचे सिलिंडर आत गेले, फ्रीज गेले, पाण्याच्या टाक्या गेल्या. आणि मग याच वाटेने गाद्या, पेट्या, पाळणे बाहेर आले. वाट इकडून होती म्हणून पहिलं घर इकडे झालं, पहिल्याशेजारी दुसरं, आणि पुढे सगळं गावच.

कामाचा नकाशा मस्कतच्या कुरुममधल्या सल्लागारांच्या ऑफिसातून आलेला. एसीत बसून काढलेला, पण काढला होता नीट. त्यात दोन खुणा होत्या. दरवाजाची खूण असेल तिथे जे आहे ते राखायचं. भगदाडाची खूण असेल तिथे जुन्या पद्धतीने भिंत बांधून बुजवायचं. वरच्या अंगाला भगदाडाची खूण होती. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. तटाला पडलेलं भगदाड मला त्या गावातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटत होती. पण मला कोण विचारतो? आपण व्हिसावर आलेली माणसं. नकाशात असेल ते करायचं आणि महिन्याच्या शेवटी घरी जायचं.

आता आमच्या हातून झालेली गंमत सांगतो. गंमत म्हणवत नाही, पण सुरुवात तशीच झाली. गावातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तटाच्या कामावर देखरेख करणाऱ्या गावसमितीत होत्या. पन्नाशीच्या, ताठ, काळा अबाया, चष्मा, बोलणं तोलून मापून. त्या जाताना दिसल्या की चहाच्या हॉटेलात बसलेली म्हातारी माणसं आपसांत म्हणत, "बिन्त अस्-सबाह." बिन्त म्हणजे मुलगी, एवढं अरबी आम्हा सगळ्यांना येतं. आणि सबाह म्हणजे सकाळ. रोज कामावर आल्यावर अरबाबला, म्हणजे मालकाला, "सबाह अल-खैर" म्हणूनच आमचा दिवस सुरू होतो. म्हणजे हिच्या बापाचं किंवा घराण्याचं नाव सबाह असणार, असं आम्ही धरून चाललो. मला तर ते फारच आवडलं. सकाळची मुलगी! आपल्याकडे उषा असते, प्रभा असते, तसंच काहीतरी.

माझा मुकादम कोकणातला. तो त्यांना 'सबाह मॅडम' म्हणायला लागला, त्याचं ऐकून गवंडी म्हणायला लागले. आणि समिती पहिल्यांदा कामावर आली तेव्हा मीही पुढे होऊन, मोठी हुशारी केल्यासारखं, म्हटलं, "सबाह अल-खैर, सबाह मॅडम!"

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी तट बघितला, दोन प्रश्न विचारले, निघून गेल्या.

मुकादम हळूच म्हणाला, "साहेब, माका वाटता, बाय रागावली."

"मी काय वावगं बोललो?"

"माका काय ठावूक? नाव घेतलास तां त्येंका आवडूक नसात."

खुलासा झाला तो एका म्हाताऱ्याकडून. हा रोज सकाळी काठी टेकत वरून नव्या गावातून यायचा आणि भगदाडाच्या कडेला एका दगडावर बसायचा. ऐंशीच्या पुढचा. तरुणपणी रुवीत एका भारतीय व्यापाऱ्याच्या गोदामात बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे गोदामातली हिंदी फर्डी बोलायचा. त्याला भारतीय माणूस दिसला की आनंद व्हायचा. आमच्याकडचा चहा पिऊन नावं ठेवायचा, साखर कमी आहे म्हणून. एकदा मी त्याला घेऊन खालच्या जुन्या दरवाजापाशी गेलो. आत दोन्ही बाजूंना बसायला दगडी ओटे, वर पहाऱ्याची खोली, भलं जाड लाकडी दार. मी म्हटलं, फार सुंदर दरवाजा आहे.

तो म्हणाला, "ये सबाह."

"सबाह तो सुबह होता है ना?"

तो खोकला येईपर्यंत हसला. "सुबह भी सबाह. ये भी सबाह. हमारा इधर गाँव का दरवाज़ा को सबाह बोलता."

म्हणजे वेस! मी जागच्या जागी थबकलो. ज्या शब्दाला मी सकाळ समजत होतो तो आमच्या गावचाच शब्द निघाला. बिन्त अस्-सबाह म्हणजे सकाळची मुलगी नव्हे. वेशीची मुलगी.

मी विचारलं, मग त्या मुख्याध्यापिकांना तसं का म्हणतात? म्हातारा काठीने वर, भगदाडाकडे खूण करून म्हणाला, "वो भी सबाह है." आणि मग म्हणाला, "वो मेरा बेटी."

दोन दिवसांनी बाई एकट्याच आमच्या पोर्टाकेबिनमध्ये आल्या. मी उठून माफी मागितली, म्हटलं, आम्हाला शब्द कळला नव्हता. त्या इंग्रजीत बोलल्या, मधूनच हिंदीत. हिंदी त्यांना मालिका बघून चांगली येत होती.

"तुम्हाला कळलं नव्हतं, म्हणून राग नाही. ज्यांना कळतं त्यांचा आहे." त्या बसल्या नाहीत. "मी जन्मले त्या दिवशी माझी आई गेली. तिला बाहेर काढायला तो तट फोडला. एवढ्या लढाया झाल्या, शत्रूला तो तट फोडता आला नाही. मी मस्कतला आत्याकडे वाढले. लहानपणी सुट्टीत मी इथे आले की मुलं म्हणायची, जो तट कुणाला फुटला नाही तो या मुलीने फोडला, आणि आईलाही खाल्लं. म्हणून बिन्त अस्-सबाह. आज माझ्या शाळेतल्या पोरीसुद्धा पाठीमागे तेच नाव घेतात. तुम्ही इंजिनियर आहात. तुमच्या नकाशात ते बुजवायचं आहे ना? मग बुजवा. माझे वडील तुम्हाला काही सांगतील, ते ऐकू नका."

आमच्याकडे याला 'पांढऱ्या पायाची' म्हणतात. जन्मल्या जन्मल्या घरात कुणी गेलं की दोष त्या पोरीच्या पायांना. माझ्या एका मावशीचं सगळं आयुष्य या दोन शब्दांनी खाल्लं. ते आठवून माझं डोकं असं तडकलं की मी बाईंना तिथेच म्हणालो, "बुजवतो. असं बुजवतो की जागा सापडणार नाही." त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या. मग मी खुर्चीत बसलो आणि मला तो म्हातारा आठवला. रोज तिथे येऊन बसायचा तो उगाच नाही, त्याला ते भगदाड उघडं हवं होतं. लेकीला आयुष्यभर ज्याने टोचलं, तेच बापाला जपायचं होतं. याचा मला राग आला. बायकोची आठवण म्हणून जपतो आहे, म्हटलं, आणि जिवंत मुलीचं काय?

गावसमितीची बैठक सबल्यात झाली. सबला म्हणजे गावाची चावडी, सतरंज्यांवर सगळ्यांनी भिंतीला टेकून बसायचं. आधी कॉफी आणि खजूर, मग कामाचं. मला एका कोपऱ्यात नकाशा घेऊन बसवलं होतं. कुणीतरी म्हणालं की वरची जागा आता वाटच झाली आहे, लोक तिला सबाहच म्हणतात, तर तिला दरवाजाची खूण का नको? बाईंनी शांतपणे उत्तर दिलं की दरवाजा बांधलेला असतो, हा फोडलेला आहे, आणि फोडलेल्याला गावाने इतकी वर्षं दरवाजा म्हटलं म्हणून तो दरवाजा होत नाही. सगळ्यांची नजर म्हाताऱ्याकडे वळली. त्याने एक शब्द काढला असता तरी बैठक त्याच्या बाजूने झुकली असती, असं मला वाटलं. चार-पाच म्हातारे तर त्याच्या तोंडाकडेच बघत होते. तो कॉफीच्या कपाकडे बघत राहिला. ठरलं, की बुजवायचं.

रविवारी आम्ही काम सुरू केलं. जुन्या कडा साफ केल्या, तळाला मोठ्या दगडांचा पहिला थर मांडला. दगडांत भरायचा मसाला तिथल्याच रीतीचा, माती भाजून कुटून त्यात चुना घालून केलेला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर म्हातारा त्या पहिल्या थरावर बसलेला. काठी मांडीवर आडवी. मी म्हटलं, बाबा, उठा, काम करायचं आहे. तो नुसता हसला. आम्ही त्याला चहा दिला. त्याने साखर कमी आहे म्हणून सांगितलं. पण हलला नाही. दुपारी गेला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

रुवीहून अरबाबचा फोन. "काम क्यों बंद है? यल्ला, यल्ला! बुड्ढे को उठाओ, खलास करो."

मी म्हटलं, "अरबाब, तुम्ही या आणि उठवा." हे बोलायला नको होतं, पण तोंडाला लगाम लागत नाही ही माझी जुनी खोड आहे. त्याने फोन आपटला. म्हाताऱ्याच्या अंगाला हात लावायला आमच्यातला एकही तयार नव्हता. मुकादमाने स्पष्टच सांगितलं, "साहेब, पगार कापा, पण ह्या माणसाक मी उठवूचंय नाय."

शेवटी कुणीतरी शाळेत निरोप दिला. बाई मधल्या सुट्टीत आल्या. उन्हात चालत, भरभर, आणि भगदाडातून सरळ आत यायच्या ऐवजी तटाला वळसा घालून, खालच्या दरवाजाने. त्या तिथून कधीच जात नाहीत हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. त्या बापासमोर उभ्या राहिल्या आणि अरबीत बोलायला लागल्या. सगळं मला कळलं नाही. पण बापावर संतापलेली मुलगी कुठल्याही भाषेत कळते. सगळ्या गावासमोर, मजुरांसमोर हा तमाशा का, असं काहीतरी. म्हातारा खाली मान घालून ऐकत होता. तिचं बोलून झालं.

आणि मग तो माझ्याकडे वळला. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. आणि गोदामातल्या हिंदीत मला सांगायला लागला. ती तिथेच उभी होती. तिला हिंदी येते हे त्याला माहीत होतं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. मला वाटतं, माहीत होतं. मला वाटतं, आपल्या भाषेत त्याच्या तोंडून ते निघतच नव्हतं.

"इंजिनियर, तुम सुनो. सब लोग बोलता, इसका माँ के लिए हम दीवार तोड़ा. किसने बोला? हम कभी नहीं बोला. उस दिन बहुत बारिश. वादी फुल. नीचे का सबाह में पानी, इतना." त्याने छातीला हात लावला. "कोई बाहर नहीं जा सकता. इसका माँ सुबह में खलास. हमारा हाथ में खलास. मरा हुआ आदमी को क्या जल्दी है? पानी उतरने तक वो घर में रहती. रही भी. दो दिन रही. बाद में नीचे का सबाह से गई, जैसा सब जाता है. इधर से नहीं गई. इधर से वो कभी नहीं गई."

मी बाईंकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

"ये बच्चा, इतना था." त्याने मूठ दाखवली. "टाइम से पहले आया. दूध नहीं लेता, रोता नहीं, रंग नीला. औरत लोग बोला, रात तक ये भी जाएगा. ऊपर रोड का काम चलता था, उधर कॅम्प में डॉक्टर. पर जाना किधर से? तो हम लोग इधर आया और दीवार तोड़ा. ये दीवार हमारा दादा का दादा का है. सब आदमी लाइन में खड़ा हुआ. पत्थर निकालो, पीछे दो, पीछे दो. जब इतना खुल गया कि एक आदमी निकल सके, तो वही लाइन में पीछे से बच्चा आया. एक हाथ से दूसरा हाथ. जैसा पत्थर गया, वैसा बच्चा आया. बाहर गया. बच गया."

मुकादम शेजारी उभा होता, त्याने डोक्याचा पंचा सोडून हातात घेतला होता.

मग म्हातारा म्हणाला, "सुल्लम लगाते तो भी चलता था."

सुल्लम म्हणजे शिडी. बांधकामावर दिवसातून कितीदा तरी ओरडून मागतो आम्ही ती. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

बाईंनी आता तोंड उघडलं. "सुल्लम?"

"सुल्लम," म्हातारा म्हणाला, आणि आता तो खरोखरच ओशाळल्यासारखा दिसला. "गाँव में चार सुल्लम था. बाद में सबको याद आया. उस टाइम किसी को याद नहीं आया."

बाई हसल्या. म्हणजे हसू फुटलं ते त्यांना आवरलं नाही, आणि हसता हसताच त्या त्या थरावर बापाशेजारी मटकन खाली बसल्या, कोरा काळा अबाया, खाली चुना-माती, आणि रडायला लागल्या. आम्ही सगळे कुठे बघावं ते न कळून आपापल्या हातांकडे बघत राहिलो. एवढा तट, दादाच्या दादाने बांधलेला, कुणाच्या बापाला न फुटलेला, आणि तो गावाने स्वतःच्या हाताने फोडला, एका दिवसाच्या मुठीएवढ्या पोरीसाठी, शिडीची आठवणसुद्धा न होता. आणि त्या पोरीला वाटत आलं की आपण पांढऱ्या पायाच्या.

पुढे मी त्या बैठकीतल्या म्हाताऱ्यांपैकी एकाला विचारलं, तुम्ही तिला हे आधीच का नाही सांगितलं? तो चकित झाला. म्हणाला, तिला माहीत नव्हतं? आम्ही तर कौतुकाने म्हणायचो, बिन्त अस्-सबाह, आमच्या सबाहची मुलगी. बाळंतीण गेली त्या घरची गोष्ट पुरुषांनी चारचौघांत काढायची नाही अशी तिथली रीत, बाप काही बोलत नाही तर आपण कशाला, आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की बापाने सांगितलं असणार. दरम्यान पोरांनी त्या नावाची आपली गोष्ट तयार केली. ती तट ओलांडून मस्कतला तिच्या आत्याच्या घरापर्यंत पोचली, आणि खरी गोष्ट तटाच्या आत राहिली. असं होतं. आमच्या गावातही झालेलं आहे.

नकाशातली खूण बदलायला तीन बैठका आणि कुरुमच्या ऑफिसात माझ्या चार खेपा लागल्या. सल्लागार म्हणाले, हा दरवाजा कसा, याला चौकट नाही, कमान नाही. मी म्हटलं, गाव म्हणतं तो दरवाजा. शेवटी त्यांनी मान्य केलं ते माझ्यामुळे नाही. ज्या बाईंनी बुजवायला सांगितलं होतं त्यांनीच लेखी उलटं कळवलं, म्हणून. फुटक्या कडा आम्ही तशाच ठेवल्या, फक्त पुन्हा ढासळू नयेत म्हणून आतून मसाला भरला. पहिला थर उचलून टाकला. अरबाब माझ्यावर अजून नाराज आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी शाळेची घंटा झाली तरी बाई उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि बापाला अरबीत एकच गोष्ट विचारली. एवढं अरबी मला कळलं: लाइनीत कोण कोण होतं?

म्हातारा आता तिच्याकडे वळला आणि तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला लागला. एकेक नाव, त्याच्या बापाच्या नावासकट. अमक्याचा मुलगा अमका. आतल्या टोकापासून सुरुवात करून, बाहेरच्या टोकापर्यंत. प्रत्येक नावाबरोबर तो हाताने जागा दाखवत होता, हा इथे उभा होता, हा इथे. बहुतेक नावांपुढे तो मेलेल्या माणसांसाठी म्हणतात ते दोन शब्द जोडत होता. ती प्रत्येक नाव हळूच परत म्हणत होती, शाळेत हजेरी घेतात तशी नाही, पाठ करावं तशी. गवंडी, मुकादम, मी, सगळे उन्हात उभे. काम सुरू करा असं कुणी म्हणालं नाही.

शेवटच्या माणसापाशी तो अडला. डोळे मिटले, काठी जमिनीवर दोनदा आपटली. नाव आठवेना. बाहेरगावचा होता, कुणाकडे तरी पाहुणा आलेला आणि पुरामुळे अडकून पडलेला, एवढंच सांगू शकला. मग त्याने मुलीचा हात धरला आणि म्हणाला, आणि हे मी नंतर तिच्याकडून मराठी करण्याइतकं नीट समजून घेतलं: "त्याचं नाव मी विचारलंच नाही. पाऊस होता म्हणून त्याने तुला सदऱ्याच्या आत, छातीशी धरलं, आणि तो पळत सुटला."